आप्पा उठले की पॉज

४ नोव्हें., मंगळ.
माळा रिकामा करायचा हुकूम आला. हुकूम देणारे आमचे चिरंजीव. एलईडीची नवीन भिंत येणार आहे म्हणे, तिला जागा हवी. संतोषच्या डीजेच्या धंद्यात आता भिंती लागतात. आम्ही दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि ट्रॅक्टरची बॅटरी एवढ्यावर निम्मा राहुरी तालुका ऐकता ठेवला होता.
म्हणालो, वर माझ्या कॅसेटी आहेत.
म्हणाला, "गुरुवारी भंगारवाला येतोय."
सभा, मोर्चे, ठिय्ये, उपोषणं. सगळ्या पक्षांच्या. आजूबाजूला स्पीकर माझाच, त्यामुळे स्टेज तेच, माईक तोच, झेंडा तेवढा बदलायचा. फार पूर्वी एका सभेनंतर पोलीस विचारायला आले होते, अमका नेमकं काय बोलला? मी म्हणालो, साहेब, माझं लक्ष बॅटरीकडे. तेव्हापासून प्रत्येक सभा टेप करायची सवय लागली. कुणी विचारलं तर कॅसेट पुढे करायची. आपण साक्ष द्यायची नाही.

५ नोव्हें.
रात्रभर डोक्यात माळा. शेवटी सकाळी साळवे मॅडमना फोन लावला. दिवाळीच्या आधी घरी येऊन गेल्या होत्या. नगरच्या, मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या. (अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला सवय व्हायची आहे.) चार-सहा जण मिळून जिल्ह्यातल्या चळवळींचे कागद, फोटो, आवाज गोळा करतायत. तेव्हा वाटलं होतं, बाईंना घरी करमत नसेल. आज म्हणाल्या, "तात्या, एकही कॅसेट हलू देऊ नका. मी उद्याच येते."
उद्या म्हणजे गुरुवार. भंगारवाल्याचा वार.

६ नोव्हें., गुरु.
दोघं एकदमच आले! दारात इकडे भंगारवाल्याची हातगाडी, तिकडे मॅडमची गाडी. संतोषने खोकी खाली आणून पायरीवर मांडलेली, अगदी मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी. भंगारवाला खोक्याला हात घालणार तेवढ्यात आमची ही, शांता, म्हणाली, "ते न्हाई. तू हे कर्णे घे." माझे कर्णे गेले. असो. कॅसेटी राहिल्या. जीव भांड्यात पडला.
मॅडम ओसरीवरच फतकल मारून बसल्या. लेबलं वाचून हसत होत्या. 'कोंढवड, सभा, पिठलं-भाकरी.' 'मांजरी, मोर्चा, पाऊस.' पुढाऱ्याचं नाव कुठेच नाही. का, विचारलं. म्हणालो, पुढारी पक्ष बदलतो, गाव कुठे जातंय?
बोलून गेलो आणि जीभ चावली. गाव पण जातं. बोरखडी गेलीच की धरणात.
त्यावरून आप्पांचा विषय निघणारच होता. गंगाधर आप्पा, बोरखडीचे. धरणग्रस्तांसाठी उभी हयात रस्त्यावर. जमिनीला जमीन द्या, पाणी द्या, दाखले द्या. मॅडमनी विचारलं, आप्पांची भाषणं यातल्या कुठल्या खोक्यात?
"कुठल्याच नाही."
त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.
थट्टा नाही. आप्पांचा नियम होता. ते बोलायला उठले की आधी माझ्याकडे बघायचे आणि तळहात खाली दाबायचे. म्हणजे टेप बंद. पहिल्यांदा मी विचारलं होतं, का हो? म्हणाले, "माझं काय टेप करतो? माझं रोजचंच हाय. ह्या बायाबापड्यांचं कर. चळवळ माझ्या गळ्यात आडकाया नको." पुढे पुढे हात करायचीही गरज उरली नाही. आप्पा उठले की माझा अंगठा आपोआप पॉजवर.
मॅडमनी वही मिटली. मग दोन खोकी घेऊन गेल्या, कॉम्प्युटरवर उतरवायला. बाकीची मी आधी ऐकून, साफ करून देणार.

८ नोव्हें., शनि.
नव्या बोरखडीला जाऊन आलो. श्रावणात आप्पांना लकवा झाला तेव्हा दवाखान्यात भेटलो होतो, त्यानंतर आजच. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एकेका ट्रॅक्टरवर एवढाले स्पीकर, सगळे संतोषचे भाऊबंद.
आप्पा अंगणात बाजेवर. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा. ओळखलं मला, डोळ्यांत दिसलं. तोंडातून नुसतं "अं". ज्या माणसाला मामलेदार चहा पाजून गप्प करू शकला नाही, तो असा बसलेला बघवत नाही.
सून मंगल सगळं करते. चहा देताना म्हणाली, "तात्या, बोलायला शिकवतात त्या दवाखान्यातल्या ताई म्हनल्या, त्यांचाच जुना आवाज आसंल तर ऐकवून बघा. न्हेमी फरक पडतो आसं न्हाई, पन बघा. तुमच्याकडं लई आसत्याल आप्पांची भाषनं."
"आहेत की," म्हणालो. "बघतो."
असं कसं म्हणालो? दुसरं काय म्हणणार होतो त्या पोरीला?

९ नोव्हें.
शांताला सांगितलं. ती म्हणाली, "येखादवेळी विसरला आसाल की बटन दाबायचं. तुमी काय, गॅसबी विसरता."
खरंय. माझ्या विसरभोळेपणावर एवढी आशा मी आजवर कधी ठेवली नव्हती. उद्यापासून शोधायचं. कॅसेटचा डेक काढला, टेप घासते ते हेड स्पिरिटने पुसलं. रबरी पट्टा सैल झालाय, सायकलवाल्याकडून काहीतरी जुगाड करून आणला.

११ नोव्हें., मंगळ.
काल-आज मिळून बराच गठ्ठा ऐकला. पांढरी बुरशी आलेल्या कॅसेटी वेगळ्या काढल्या, त्या हळूहळू कापसाने.
एक पुढारी चार कॅसेटींवर सापडला. चार पक्षांत. चारही ठिकाणी "शेवटच्या श्वासापर्यंत याच झेंड्याखाली" म्हणतो. श्वास दांडगा आहे माणसाचा, अजून चालू आहे. मॅडमना फोनवर ऐकवलं, हसून हसून त्यांना ठसका लागला.
आप्पा मात्र नाहीत. प्रत्येक ठिकाणी तेच. सूत्रसंचालक म्हणतो, "आता मी विनंती करतो, आपल्या सर्वांचे..." आणि खट्. पुढे एकदम टाळ्या. मी मन लावून काम करायचो याचा इतका राग कधी आला नव्हता.

१२ नोव्हें., बुध.
मॅडमचा फोन. पहिलं खोकं उतरवून झालं. आवाज छान आलेत. त्यांच्याकडचा मुलगा विचारतोय, भाषणामागची खरखर, कुजबुज, मधल्या रिकाम्या जागा कॉम्प्युटरवर काढून टाकू का?
म्हणालो, "बिनधास्त काढा." मधला कचरा ऐकायचा कुणाला? उभ्या आयुष्यात त्या खरखरीशीच तर भांडलो.

१४ नोव्हें.
आज आप्पांचाच राग आला. खरंच आला. असला कसला नियम? पुढारी स्वतःच्या वाढदिवसाचे फलक स्वतः लावतात आणि हा माणूस स्वतःचा आवाजसुद्धा मागे ठेवत नाही! आता सुनेला काय सांगू? संत झालात, आणि मला केलं खोटारडा.
शांता म्हणाली, "जेवून घ्या, मंग भांडा."
पिठलं होतं. भांडण राहून गेलं.

१६ नोव्हें., रवि.
मंगलचा फोन येऊन गेला. उचलला नाही. संतोषने दुपारी डोकं घालून विचारलं, "सापडलं का काही?" त्यालाही आता उत्सुकता. भिंत यायला अजून वेळ आहे म्हणे. माळ्याची घाई नाही. हे आधी सांगितलं असतं तर माझे कर्णे वाचले असते.

१७ नोव्हें., सोम.
घाईत लिहितोय, अक्षर वाईट येतंय.
तहसीलसमोरच्या ठिय्याची कॅसेट लावली होती. बायकांचा ठिय्या. मला आठवत होतं, भागूबाई म्हणून एक होती, नदीकाठची जमीन गेलेली, तिला पहिल्यांदा माईकवर उभी केली होती. ती उभी राहिली आणि गप्प. कॅसेटवर नुसती शांतता. अशी शांतता आली की मी पुढे पळवतो. नेहमीच. ऑपरेटरचा कान, माईकसमोरचं तोंड उघडलं तरच ऐकतो.
आज पळवायला गेलो तेवढ्यात दारात गॅसवाला आला. टेप तशीच चालू राहिली. शांता तिथेच मेथी निवडत होती. आतून ओरडली, "आहो, हिकडं या! हे आप्पाच की!"
"कुठले आप्पा?"
"आवं, मागं बोलत्यात. ऐका तर!"
गॅसवाल्याला दारात तसाच सोडला. कॅसेट मागे घेतली. हेडफोन लावला.
शांतता. लाऊडस्पीकरची गुणगुण. आणि माईकपासून दोन हातांवर, अगदी हळू, आप्पा.
"घाबरू नको, भागा. त्यो साहेब बी मान्सूच हाय. आदी गाव सांग. गाव सांगितलं की पुढचं आपोआप येतं."
मग भागूबाई म्हणते, "बोरखडी." आणि सुटते. पुढे तिला थांबवायला दुसरे आप्पा लागले असते.
पुन्हा ऐकलं. मग शांताला हेडफोन दिला, मग मी घेतला, मग तिने ओढून घेतला. मेथी गॅसवाल्याच्या पायाखाली.
आप्पा सापडले. मी टेप बंद करायचो ते आप्पा उठले की. दुसरं कुणी उठलं की आप्पा कुठे असायचे? त्याच्या शेजारी!

तोच दिवस, थोड्या वेळाने
आत्ता लक्षात आलं. मीच मॅडमना सांगितलंय, कुजबुज काढून टाका, रिकाम्या जागा काढून टाका. त्यांच्याकडे दोन खोकी आहेत. म्हणजे तिथल्या आप्पांना मीच फोनवरून पुसायला सांगितलं.
फोन लावतोय. उचलत नाहीत.
अजून नाही.
शांता म्हणते, चर्चमध्ये गेल्या असतील. सोमवारी कसलं चर्च?

अजून थोड्या वेळाने
उचलला. बाजारात होत्या. मी काय बोललो मला माहीत नाही, त्या म्हणाल्या, "तात्या, आधी श्वास घ्या." मग म्हणाल्या, मूळ आवाज जसाच्या तसा एका बाजूला ठेवतातच, साफसूफ करतात ती नकलेवर. आणि कॅसेटी त्यांच्या कपाटात तशाच आहेत, कापडात गुंडाळून.
हुश्श. शब्द साधा आहे पण दुसरा नाही.
फोनवर त्यांना ती वाक्यं ऐकवली. पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाल्या, "आम्ही खरखर म्हणत होतो याला."

१९ नोव्हें., बुध.
आता उलटं काम. भाषणं पळवतो आणि शांतता ऐकतो. आप्पा सगळीकडे आहेत. नुसते सांडलेत.
"पानी द्या रं म्हातारीला."
"आवाज चढवू नको, मुद्दा चढव."
एका तरुण पोराला, तो शिव्या द्यायला लागला तेव्हा, "बाळा, साहेबाच्या आईनं आपली जमीन न्हाई घेतली."
एका पुढाऱ्याने स्टेजवरून जाहीर केलं, वर्षाच्या आत सगळ्यांना जमीन. टाळ्या. टाळ्यांच्या मागे आप्पा कुणाला तरी म्हणतात, "कुठलं वर्स ते इचार." मला तेव्हा कसं ऐकू आलं नाही? मी तर त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेलो असायचो, कानाला हेडफोन लावून!

२० नोव्हें.
संतोष माझ्याशेजारी बसून ऐकत होता, बराच वेळ. स्वतःचे नवे हेडफोन मला दिले, त्यात आणखी स्पष्ट येतं. म्हणाला, "पप्पा, हे भंगारात चाललं होतं."
"कोण पाठवत होतं?" शांता आतून.
पोरगं निमूटपणे खोकी परत माळ्यावर ठेवायला लागलं. म्हणालो, राहू दे, आता ती मॅडमकडे जाणार. भिंतीला जागा झाली.

२२ नोव्हें., शनि.
मॅडम आल्या. सगळं ऐकलं. डोळे पुसले, चष्मा पुसला, चहा घेतला. मग मास्तरीण जागी झाली.
"तात्या, आप्पांची परवानगी?"
"कसली?"
"त्यांनी आयुष्यभर सांगितलं, माझा आवाज टेप करू नका. आपल्याला तो चुकून सापडला. उद्या कुणीही येऊन ऐकेल, पुस्तकात छापेल. त्यांना चालणार आहे का? त्यांनी मान हलवल्याशिवाय आप्पा असलेला भाग मी संग्रहात घेणार नाही."
मला पटलं, आणि पटलं म्हणून वैताग आला. आप्पा असलेला भाग म्हणजे सगळंच आलं. आप्पा वगळले तर भागूबाई नुसती उभी राहते आणि मधेच बोलायला लागते.
शांता म्हणाली, "चळवळ गळ्यात आडकाया नको म्हनाले हुते ना? हितं कुठं आडकलीया? हितं तर दुसऱ्याच्या तोंडातून निघालीया."
मॅडमनी तिचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. शांता दिवसभर टेचात.
ठरलं. मंगळवारी मी आणि शांता जायचं, ऐकवायचं, विचारायचं. आप्पांना बोलता येत नाही, पण डावा हात चालतो. नको असेल तर तळहात खाली दाबतील. तेवढी भाषा मला येते.

२३ नोव्हें.
मंगलला फोन करून सांगितलं, सापडलं. भाषण नाही, पण आवाज आहे. ती रडायला लागली. म्हणाली, तुम्ही फोन उचलत नव्हता तेव्हाच मला वाटलं की नसणार.
बायकांना सगळं कळतं.

२५ नोव्हें., मंगळ.
जाऊन आलो. सगळं लिहून ठेवतो, उद्या आठवणीत भर पडायला नको.
उन्हं कलती होती. आप्पा बाजेवर. मंगलने त्यांना पांढरा सदरा घातलेला, सभेला जायचा. मी स्टुलावर डेक ठेवला. आप्पांनी डेककडे बघितलं, मग माझ्याकडे. बहुतेक म्हणाले असते, अजून हेच का?
सुरू करणार तर उसाची ट्रॉली आली, गाणं ठणाणा. थांबलो. ती गेली. मग दुसरी. मंगल रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि तिसऱ्याला हात करून म्हणाली, "दादा, गानं बंद करून जा, आप्पांची सभा हाय." त्याने केलं बंद. खरंच केलं.
भागूबाईची कॅसेट लावली. सूत्रसंचालक. टाळ्या. शांतता. गुणगुण.
"घाबरू नको, भागा..."
आप्पांची मान वळली. आधी मला वाटलं, आवाज कुठून आला ते शोधतायत. मग डावा हात वर आला. वर आला आणि तळहात खाली वळला.
माझा अंगठा पॉजवर गेलासुद्धा. इतक्या वर्षांचा अंगठा, तो काय मला विचारतो? शांताने माझं मनगट धरलं.
आप्पांचा हात खाली दाबला गेला नाही. तसाच राहिला, अधांतरी. टेपवर आप्पा म्हणाले, आदी गाव सांग. भागूबाई म्हणाली, बोरखडी. आप्पांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही. कपाळावर घाम. मंगल पुढे झाली, "आप्पा, दमू नका." त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत भीती होती. आप्पांच्या डोळ्यांत भीती मी मोर्चात लाठी चालली तेव्हाही बघितली नव्हती.
टेप थांबवली. मग जे कानात होतं तेच तोंडातून आलं.
"घाबरू नका, आप्पा. आधी गाव सांगा. गाव सांगितलं की पुढचं आपोआप येतं."
कितीतरी वेळ गेला. कोंबड्या फिरत होत्या अंगणात.
"बो," आप्पा म्हणाले. मग, "बोर."
मंगलने पदराने त्यांच्या कपाळाचा घाम पुसला. शांता माझं मनगट सोडायलाच विसरली, वळ उठलाय. मी तर उघड उघड रडलो, त्याची लाज नाही. आप्पाही दमून हसत होते, अर्ध्या तोंडाने. मग डोळे मिटून आडवे झाले.
परवानगीचं विचारायचं राहिलं. हात वर गेला होता तो नको म्हणून, की नुसती सवय, माझ्या अंगठ्यासारखी? सांगता येत नाही. मॅडमचा फोन आला, काय म्हणाले आप्पा? जे म्हणाले तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग थांबू. घाई कशाला?" खोकी तोवर माझ्याचकडे. संतोष स्वतःहून म्हणाला, भिंत अंगणात झाकून ठेवतो.
येताना मंगलने हुरड्याला बोलावलंय. त्याआधी उद्या सकाळी जायचं, त्यांना थकवा यायच्या आत. अजून 'खडी' राहिली आहे.